मर्फीचे कान

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या बाजारपेठेत शिंपीमामांच्या दुकानात सगळ्यांत वयस्कर कोण, असं विचारलं तर मामा स्वतःकडे बोट दाखवत नाहीत. डोक्यावरच्या फळीकडे दाखवतात. तिथं मर्फी बसलेला असतो. अंग लाकडी, कडांचं पॉलिश उडालेलं, पोटावर जाळीचं कापड आणि दोन बाजूंना दोन कान. डावा पिळला की तो बोलायला लागतो, उजवा पिळला की गाव बदलतो. डोक्यावर मामींनी भरलेलं झाकण आहे. त्यावरच्या पोपटाचा एक डोळा उंदरांनी नेला. मर्फीच्या जाहिरातीतलं ते गुबगुबीत बाळ ओठावर बोट टेकवून बसलेलं असायचं. आमच्या मर्फीने तो उपदेश कधी मनावर घेतला नाही.

जन्म ठाण्याचा, कारण मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. भोकरला तो आला सत्तरच्या दशकात, मामांच्या लग्नात. सायकल, मनगटी घड्याळ आणि रेडिओ या तीन वस्तू मिळाल्या की जावयाने रुसायचं नाही, असा तेव्हाचा अलिखित करार होता. सायकल चोरीला गेली, घड्याळ मेव्हण्याने दुरुस्तीला म्हणून नेलं ते अजून दुरुस्तच होतंय. मर्फी तेवढा राहिला. त्याच्यासाठी दरवर्षी पोस्टात १५ रुपये भरून परवाना ताजा करून घ्यावा लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती भानगड संपली. तोवर दुकानाची नोंद कुठं नव्हती, मर्फीची मात्र सरकारदरबारी होती. मामा सांगतात, "आमच्या घरात आधार कार्ड पैल्यांदा यानंच काढलं."

स्वभावाने हेकट. त्याला दिशा लागे. परभणी भोकरच्या जवळजवळ थेट पश्चिमेला, तिचं केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर. ते स्वच्छ ऐकायचं तर मर्फीचं तोंड रस्त्याकडे करावं लागे. हैदराबाद दक्षिणेला, ७३८ वर, २०० किलोवॅटचं दांडगं केंद्र. त्याच्यासाठी मर्फीला काटकोनात वळवून कपड्यांच्या कपाटाकडे बघत बसवायचं. मिडियम वेव्हच्या सेटच्या पोटात फेराइटची एक कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. लहरी कांडीच्या कुशीवर आल्या तर आवाज भरदार, टोकावर आल्या तर बसका. मामांना फेराइट ठाऊक नव्हतं. पण दुकानात पाऊल टाकताच मर्फी कुणाकडे बघतोय यावरून परभणी चालू आहे की हैदराबाद, हे गिऱ्हाईक ओळखायचं. भैंसा इथून जवळ, त्यामुळे तेलुगू कानाला परकी नाही. निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले म्हातारे तर हैदराबादच्या 'नैरंग'साठी माप द्यायला मुद्दाम संध्याकाळी येत.

दिवसा तो तालुक्याचा असे, रात्री देशाचा. सूर्य मावळला की वातावरणातला मिडियम वेव्ह गिळून टाकणारा थर विरतो आणि लांबची केंद्रं वरून परावर्तित होऊन उतरतात. मग ५८५ वर नागपूर, ७९२ वर पुणे, ५५८ वर मुंबई अशी पाहुण्यांची रांग लागे. मध्येच एखादं केंद्र दुसऱ्याच्या अंगावर चढे आणि पुण्याच्या नाट्यगीतात अनोळखी भाषेतल्या बातम्या मिसळत. मामा डोक्यावर एक टपली देत. मर्फी सुधारे. टपलीने सुधारणारी पिढी होती ती.

त्याच्या कुळाचा इथला इतिहास निजामाच्या दारातून येतो. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा डेक्कन रेडिओ होता, औरंगाबादलाही केंद्र होतं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम मीर उस्मान अली खान याने युद्धबंदीची घोषणा केली ती रेडिओवरूनच. मराठवाडा मुक्त झाला, हे अनेकांना मर्फीच्या कुळातल्याच कुणीतरी सांगितलं. १९५० साली ही केंद्रं आकाशवाणीकडे आली. औरंगाबादचं लवकरच बंद पडलं, पुन्हा सुरू व्हायला बराच काळ गेला. जवळचं केंद्र हातातून जाण्याचा अनुभव या मुलखाला जुनाच आहे.

मर्फीच्या कुळाला गाण्याची गोडी लागली ती सरकारच्या मनाविरुद्ध. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणीमंत्री असताना सिनेसंगीत आकाशवाणीला वर्ज्य झालं आणि सगळा देश शॉर्टवेव्हवर सिलोन शोधू लागला. अमीन सयानींची गीतमाला १९५२ मध्ये तिथून सुरू झाली. सरकारला शहाणपण आलं ते ३ ऑक्टोबर १९५७ला, विविध भारतीच्या रूपाने. मग १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती घ्यायला सुरुवात झाली. मर्फी दुकानात आला तेव्हा रेडिओला गाणंही येत होतं आणि धंदाही. दंतमंजन, अगरबत्ती, बियाणं, डोकेदुखीची गोळी हे सगळं तो गाऊन विकायचा, आणि मामांच्या मुली 'शुभंकरोति' यायच्या आधी जाहिराती पाठ म्हणायच्या.

पण मर्फीची खरी कर्तबगारी बोलण्यात नव्हती. तो ऐकायचा. फळीवर बसून नव्हे. ऐकणारा कान परभणीत होता, नंतर नांदेडात. फर्माइशीचं पोस्टकार्ड दुकानात लिहिलं जाई, कारण गल्लीत अक्षर चांगलं मामांचं. गाण्याचं नाव एका ओळीत आणि खाली सबंध गल्लीची नावं. ज्याने उसवलेला खिसा शिवून घेतला होता आणि पैसे दिले नव्हते त्याचं नाव मामा गाळत. मग कुठल्याशा दुपारी निवेदिका ती नावं वाचे: भोकर, मुदखेड, उमरी, हिमायतनगर. गाणं सुरू व्हायच्या आत दुकानात जो गलका होई त्यात गाणं बुडून जाई. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. आपण इथं आहोत हे तिथं कुणाला तरी ठाऊक आहे, ही पावती मिळालेली असे, गाणं वरकड.

नव्वदीच्या सुरुवातीला नांदेडला आकाशवाणीचं स्थानिक केंद्र आलं, १०१.१ मेगाहर्ट्झ एफएमवर. ही स्थानिक केंद्रांची कल्पना नागरकोईलला १९८४ साली सुरू झाली होती. राजधानीची नक्कल करायची नाही, जिल्ह्याचं जिल्ह्यालाच ऐकवायचं, त्यासाठी माणसांनी टेपरेकॉर्डर घेऊन गावात जायचं, अशी तिची मांडणी. मर्फीची मात्र पंचाईत झाली, कारण त्याच्या पोटात एफएम नव्हतंच. मामांनी स्टेशन रोडच्या मेकॅनिककडून छोटं किट बसवून घेतलं. मेकॅनिक म्हणाला, नवा घ्या, स्वस्त पडंल. मामा म्हणाले, "बापाचं मोतीबिंदू काढाय गेलं की नवा बाप आणावं का?"

त्यानंतरची काही वर्षं मर्फी अगदी खुलून बोलला. भोकर नांदेडपासून पन्नासेक किलोमीटर, एफएमच्या पल्ल्याच्या काठावर. त्यामुळे मागची तार खिडकीच्या गजाला बांधावी लागे आणि ढग भरून आले की आवाज खरखरे. पण त्या खरखरीतून येणारं बोलणं ओळखीचं होतं. हळदीवर करपा पडलाय तर काय फवारायचं, हे सांगणारा 'करायलेत', 'जायलाव' म्हणे. भजनी मंडळ किनवटकडचं असे, भारूड म्हणणारा शेजारच्या तालुक्याचा. संक्रांतीच्या करीला तामशाच्या बारालिंग देवस्थानात भाजी-भाकरीची पंगत असते, हे निवेदकाला कागदावर लिहून द्यावं लागत नसे. तो स्वतः त्या पंगतीत बसून आलेला असे. जाहिरातीसुद्धा पायी जाऊन पोहोचता येईल अशा दुकानांच्या: लग्नाचा बस्ता, पाण्याची मोटार, दहावीच्या शिकवण्या.

मग काय झालं? एका दिवशी काही झालं नाही. मर्फी कधी बंद पडला नाही, हीच त्याच्या कहाणीतली अडचण आहे. बंद पडला असता तर लोकांनी आरडाओरड केली असती.

आधी सरकारी बाजूला. आकाशवाणीत कायमच्या भरत्या वर्षानुवर्षं झाल्या नाहीत. जुना निवेदक निवृत्त झाला की खुर्ची रिकामी, आणि नैमित्तिक उद्घोषकांच्या महिन्यातल्या मोजक्या पाळ्यांवर गाडा. रिकाम्या तासांत काय लावायचं? सहक्षेपण. वरून उपग्रहाने येणारा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे सोडायचा. तो चांगला असतो, वेळेवर असतो, त्यात चुका नसतात. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते १०० वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर एकदम सुरू झाले. शेजारच्या हिंगोलीलाही एक आला. जिथं काहीच ऐकू येत नव्हतं तिथं ऐकू येऊ लागलं, हे भलंच झालं. पण हा मनोरा बोलणं पुढे पोचवण्यासाठी आहे. त्याच्या पायथ्याशी हिंगोलीचं माणूस बोलवून बसवावं, अशी खोली त्याला लागत नाही.

दुसरी बाजू खासगी वाहिन्यांची. देशात खासगी एफएमचा पहिला आवाज २००१ साली बंगळूरात निघाला. नांदेडला पुढे रेडिओ सिटी आलं, माय एफएम आलं. मोठ्या शहराची ऐट पहिल्यांदा जिल्ह्याच्या गावाला मिळाली. दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून सोडायची मुभा फक्त लहान गटातल्या शहरांना आणि तीही एका विभागापुरती होती. २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने ती आपल्या सगळ्या जाळ्यात देशभर मोकळी केली. व्यवहाराने पाहिलं तर त्यात वावगं काही नाही. परवान्याचं शुल्क, गाण्यांचे हक्क, वीज, मनोऱ्याचं भाडं हे सगळं लहान गावातल्या जाहिरातींतून निघत नाही. कात्री लागायची ती माणसावरच लागते.

कशी लागते तेही बघण्यासारखं आहे. संगणकावर दिवसाची यादी आधीच रचलेली असते: गाणं, जाहिरात, गाणं, वाहिनीची धून, मध्ये बोलण्यासाठी सोडलेल्या जागा. त्या जागांमध्ये निवेदक एका बैठकीत सगळं बोलून ठेवतो, कधी एका गावासाठी, कधी अनेक गावांसाठी, नावं तेवढी बदलून. गाणं कुठं संपतं आणि आवाज कुठं आत शिरतो हे यंत्र सेकंदाच्या हिशोबाने जुळवतं. त्या वेळी निवेदक घरी जेवत असतो. ऐकणाऱ्याला ते कळू नये, यातच सगळं कसब.

मामांना कळलं. दुपारची वेळ होती, रस्त्यात कुणाचा तरी बैल आडवा उभा होता. एक पोरगा मर्फीच्या पोटातून मोठ्या उत्साहाने म्हणाला, सिग्नलला अडकला असाल तर हे गाणं खास तुमच्यासाठी. मामांनी मशीन थांबवलं. रस्त्याकडे बघितलं, बैलाकडे बघितलं, मग मर्फीकडे.

"कोन बोलायलंय रे ह्यो?"

"मुंबईचा असेल, नाहीतर पुण्याचा," मी म्हणालो.

"आवाज लई गोड हाय. पर ह्याला काई सांगायचं आसंल तर सांगावं कुठं?"

त्या पोराने त्यानंतर श्रोत्यांना फोन करायला सांगितलं. आम्ही केला. तिकडे यंत्र होतं. आपला संदेश रेकॉर्ड करा म्हणालं. मामा फोनला म्हणाले, "बैल हटला," आणि ठेवून दिला.

मर्फी मुका झाला नाही, बहिरा झाला. आणि रेडिओच्या बाबतीत बहिरेपण लवकर लक्षात येत नाही, कारण बोलणं चालूच असतं. मोठ्या घरात वर्षानुवर्षं वागवून घेतलेल्या बहिऱ्या आजोबांसारखं होतं ते: कुणी काही विचारलं तरी उत्तर आपलंच, खणखणीत आणि आनंदी.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रं बाळगावीत यावरची मर्यादा उठवली आणि क्लिअर चॅनलकडे बाराशेहून जास्त केंद्रं जमा झाली. नॉर्थ डकोटातल्या मायनॉट या लहानशा गावात सहा व्यावसायिक केंद्रं त्यांची होती. १८ जानेवारी २००२च्या मध्यरात्रीनंतर तिथं मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. लोकांनी रेडिओ लावला, गाणी चालू होती. पोलिसांनी केंद्रावर फोन केले, कुणी उचलला नाही. कंपनीचं म्हणणं, इशारा देणारी यंत्रणा पोलिसांनीच नीट लावलेली नव्हती. दोष कुणाचाही असो. फोन उचलणारा माणूस असता तर यंत्रणेवाचूनही काम भागलं असतं. ब्रिटनमध्ये २०१८ साली नियामकाने स्थानिक कार्यक्रमांची दिवसाची अट सात तासांवरून तीनवर आणली आणि मोठ्या जाळ्यांनी वर्षभरात कितीतरी गावांचे सकाळचे कार्यक्रम गुंडाळले. पोलंडच्या क्राकोतल्या एका केंद्राने २०२४च्या ऑक्टोबरात तर निवेदक काढून कृत्रिम आवाज बसवले, दिवंगत कवयित्री शिंबोर्स्का यांची 'मुलाखत'ही लावली. लोक भडकले, आठवड्याभरात प्रयोग आवरला.

मायनॉटची गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा त्यांना ती लांबची वाटली नाही. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे भोकरवरूनच जाते. आणि लातूरकडचा किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा, अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून माणसं नुकती झोपलेली, हा तर इथल्या प्रत्येकाच्या हाडात आहे. असं काही घडलं की नवलाई कुणालाच नको असते. कुठला रस्ता चालू आहे, दवाखाना कुठं उघडलाय, सुधा प्रकल्पाचं पाणी सोडलंय का, एवढंच ऐकायचं असतं. गंमत म्हणजे खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी असली, तरी पाऊस, वाहतूक, नागरी सोयी, परीक्षा आणि नैसर्गिक आपत्ती यांची माहिती द्यायला तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने मुभा दिलेली आहे. नियमाने तोंड उघडं ठेवलंय. ज्याने बघून सांगायचं, तो मात्र खर्चाच्या रकान्यात खोडला गेला.

मोबाइल आहे की, असं म्हणतात. आहे. भोकरच्या गटांवर पाणी कधी येणार, कुणाची शेळी हरवली, कोण वारलं, सगळं येतं. त्यातलं निम्मं खोटं निघतं आणि खोटं सांगितल्याबद्दल जाब कुणाला विचारायचा ते कळत नाही. मर्फीच्या त्या निवेदिकेने चुकीचं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बसस्टँडवर तिला कुणीतरी गाठलं असतं. रस्त्यावरची दवंडीही आता रिक्षावर बसवलेल्या भोंग्यातून पेनड्राइव्ह देतो. कांदे संपले तरी तो कांदे घ्या म्हणत फिरतो, कारण हे त्याला सांगणारं कुणी नाही.

मर्फी हल्ली काय करतो? बोलतो. परवा रात्री त्याने पुण्याच्या नाट्यगीतात पुन्हा एकदा परक्या बातम्या मिसळल्या आणि टपली खाल्ली. मेकॅनिकने किटचं काम परत केलंय. मामांची नात त्याला 'ब्लूटूथ टाकू' म्हणते, म्हणजे तो फोनमधली गाणी वाजवेल. मामांनी विरोध केला नाही, एवढंच विचारलं, "त्यात त्याला काई ऐकू यील का?"

केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०२४ला २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. या यादीत लातूर आहे, उदगीर आहे. भोकर नाही, आणि एवढ्या लोकसंख्येच्या गावाने ती अपेक्षा धरूही नये. लातूरच्या श्रोत्यांना गाण्यांची ददात राहणार नाही; प्रश्न आहे तो उदगीरच्या बाजारात पाऊस लागला तर ते स्टुडिओत कुणाला कळेल का, याचा. यंत्राला माझा विरोध नाही. रात्रीची गाणी यंत्राने लावावीत, मुंबईचा आवाज दिवसभर गावोगाव वाटावा, त्यातून पैसा वाचावा. पण दिवसातला एक तास तरी जिवंत माणसाचा असावा, गावातच बसलेल्या माणसाचा. हे अशक्य नाही. साताऱ्याच्या दुष्काळी भागात, म्हसवडला, माणदेशी तरंग हे सामुदायिक केंद्र २००८पासून गावातल्याच आवाजांवर चालतं.

परवाना देताना सरकार वॅट विचारतं, मेगाहर्ट्झ विचारतं, मनोऱ्याची उंची विचारतं. अर्जात आणखी एक रकाना असायला हवा: फोन कोण उचलणार? आणि उचलणाऱ्याला तामसा कुठं आहे हे ठाऊक पाहिजे, ही अट मामांची.